एकच चाकू, तीन फिनिश, तीन किमती: कारखान्यात हे ठरतं कसं

फोल्डिंग चाकू घ्यायला ऑनलाइन गेलात की एक गोष्ट लगेच दिसते, एकाच मॉडेलचे तीन-तीन प्रकार असतात, एक सॅटिन, एक स्टोनवॉश, एक काळा, आणि तिघांच्या किमती वेगळ्या. स्टील तेच, मूठ तीच, लॉकही तोच. बरेच जण म्हणतात की हा नुसता दिसण्याचा मामला आहे, आवडेल तो घ्या. मला हे अजिबात पटत नाही. जिथे रोज हजारोंनी पाती निघतात तिथे कुठलं फिनिश द्यायचं हे डिझायनर एकटा बसून ठरवत नाही, त्यात ग्राइंडिंगवाल्याचं म्हणणं असतं, हीट ट्रीटमेंटवाल्याचं असतं, कॉस्टिंगवाल्याचं तर असतंच, आणि माल विकल्यानंतर गंजाच्या तक्रारी ज्याच्या टेबलावर येतात त्याचंही असतं.

मूळ मुद्दा समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. पात्याला पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारा उतार द्यायला ग्राइंडिंग, म्हणजे घासून धातू काढणं, करावं लागतं आणि ग्राइंडिंग म्हटलं की ओरखडे आलेच. फिनिश म्हणजे त्या ओरखड्यांचं पुढे काय करायचं याचा निर्णय. एकतर ते बारीक बारीक करत घालवायचे, नाहीतर सगळ्या पात्यावर सारख्याच खुणा पाडून त्यांच्यात मिसळून टाकायचे, नाहीतर वरून काहीतरी थर देऊन झाकायचे. प्रत्येक रस्त्याला लागणारा वेळ वेगळा, आणि नंतर पातं किती गंजणार हेही त्यावरच ठरतं.

आधी पात्याचा प्रवास बघू. स्टीलच्या पत्र्यातून पातं कापलं जातं, लेझरने किंवा मोठ्या प्रेसवर डाय लावून. मग हार्डनिंग, म्हणजे खूप तापवून एकदम थंड करून स्टील कडक करणं, मग टेंपरिंग, म्हणजे परत हलकं तापवून ठिसूळपणा घालवणं (या दोन्ही मिळून हीट ट्रीटमेंट), मग उताराचं ग्राइंडिंग, मग फिनिश, आणि धार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या इबाखची लाल स्विस चाकूवाली कंपनी, आपल्या पात्यांबद्दल सांगते की ती १०४० अंश सेल्सिअसला हार्डन होतात, १६० अंशांला टेंपर होतात आणि कडकपणा रॉकवेल ५६च्या आसपास येतो. यातला १६० हा आकडा लक्षात ठेवा. एवढ्या कमी तापमानाला टेंपर केलेलं पातं नंतर कुठल्याही स्टेपला त्याच्या बरंच वर तापलं की कडकपणा उतरायला लागतो. त्यामुळे ग्राइंडिंग असो, बफिंग असो की कोटिंग, प्रत्येकाला उष्णतेची ही मर्यादा पाळावीच लागते, कारण फिनिश होतं ते हीट ट्रीटमेंटच्या नंतर.

आता सॅटिन. मोठ्या कारखान्यात सीएनसी ग्राइंडिंग मशीन असतात, जर्मनीत वुपरटालला बर्गर म्हणून कंपनी आहे ती खास चाकू-कात्र्यांसाठीच अशी मशीन बनवते. चाक किंवा बेल्ट पात्यावरून फिरतो, वरून कूलंट चालू असतं, आणि पाठीपासून धारेकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा पडतात. मग बारीक ग्रिट, म्हणजे बेल्टवरचे घासणारे कण बारीक, मग आणखी बारीक, १२०, २४०, ४०० असं, आकडा जितका मोठा तितके कण बारीक. शेवटी बऱ्याच ठिकाणी नॉन-वोव्हन बेल्ट मारतात, भांडी घासायची हिरवी घासणी असते ना, त्याच जातीचं मटेरियल, फक्त बेल्टच्या रूपात. त्याने सगळ्या रेघा एकसारख्या होतात आणि पातं मऊसर चमकतं.

यातली गोम अशी की प्रत्येक ग्रिटने आधीच्या ग्रिटचे ओरखडे पूर्ण काढले पाहिजेत. १२० नंतर थेट ४००वर उडी मारली की वेळ वाचतो पण खोल ओरखडे तसेच राहतात, वरवर बघता पातं छान दिसतं आणि खिडकीपाशी तिरपं धरलं की मधूनच दोन-तीन जाड रेघा चमकून जातात. स्वस्त मालात हे सर्रास बघायला मिळतं. म्हणून सॅटिन मला प्रामाणिक फिनिश वाटतं, ग्राइंडिंग कसं झालंय ते ते लपवत नाही. उताराची रेघ दोन्ही बाजूंना सारखी आहे का, मुठीजवळ उतार जिथे सुरू होतो तिथे दोन्ही बाजू जुळतात का, सगळं उघड असतं.

मिरर पॉलिश हा याच रस्त्याचा शेवटचा टप्पा. सायझलचे, म्हणजे काथ्यासारख्या धाग्याचे बफ (पॉलिशची फिरती चाकं), मग कापडाचे बफ, त्यावर पॉलिशिंग कंपाउंड. मोठ्या प्रॉडक्शनमध्ये हे परवडायला अवघड, कारण आरशावर एक ओरखडा दिसला तरी जॉब दोन-तीन स्टेप मागे जातो आणि प्रत्येक रिवर्कमध्ये पातं किंचित पातळ होतं. बफिंग जास्त झालं की उताराच्या ठसठशीत कडाही वितळल्यासारख्या गोलसर होतात. आणि एक गोष्ट ग्राहकाला कधीच दिसत नाही, ती म्हणजे जळलेली धार. ग्राइंडिंगमध्ये पातळ कड जास्त तापली तर तिथे पिवळसर-निळसर रंग चढतो, तो रंग म्हणजे तापमान टेंपरिंगच्या कितीतरी पुढे गेल्याची खूण. पण हा रंग फक्त पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचा असतो, बफ मारला की पुसला जातो, खालचं नरम झालेलं स्टील मात्र नरमच राहतं. असं चकचकीत पातं घरी आल्यावर धार धरत नाही आणि माणूस स्टीलला दोष देतो.

आता स्टोनवॉश, आणि इथे जरा थांबू कारण खिशातल्या चाकूंच्या धंद्यात याने बरंच काही बदललं. आपल्याकडे पुण्या-कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये कास्टिंगचे किंवा प्रेसचे बर, म्हणजे कडेला राहिलेले टोचरे धातूचे काटे, काढायला व्हायब्रो मशीन असतं, मोठं गोल टब, त्यात सिरॅमिकच्या चिप्स, पाणी, थोडं साबणासारखं कंपाउंड, आणि सगळं थरथरत गोल फिरत राहतं. स्टोनवॉश म्हणजे मुळात हेच, याला टंबलिंगही म्हणतात. ग्राइंडिंग झालेली पाती चिप्समध्ये टाकायची, चिप्स प्रत्येक बाजूने पात्यावर आपटत-घासत राहतात, आणि काही वेळाने ग्राइंडिंगच्या सरळ रेघांवर हजारो आडव्यातिडव्या बारीक खुणा पडून एक सारखा, किंचित करडा, मऊ पृष्ठभाग तयार होतो.

कारखान्याला हे का आवडतं बघा. एक तर एकेक पातं हातात धरावं लागत नाही, एका टबात ढीगभर पाती जातात आणि ऑपरेटर तोवर दुसरं काम बघतो. दुसरं, शेवटची एक-दोन बारीक ग्रिट वगळता येतात, कारण त्या रेघा तशाही मोडणारच असतात. तिसरं, पाठीची आणि भोकांची टोचरी कड आपोआप गोल होते, डीबरिंगचं वेगळं ऑपरेशन वाचतं. आणि चौथं ग्राहकाच्या फायद्याचं, चाकू खिशात किल्ल्यांबरोबर राहिला, खोकी कापली, ओरखडे पडले, तरी आधीच्या हजारो खुणांमध्ये ते मिसळून जातात. सॅटिन पातं महिन्याभरात वापरलेलं दिसायला लागतं, स्टोनवॉश बरीच वर्षं तसंच दिसतं. बोटांचे ठसेही कमी दिसतात.

म्हणून स्टोनवॉश म्हणजे स्वस्तातलं काम असं मात्र समजू नका. अमेरिकेत आयडाहोच्या बॉइझीमध्ये ख्रिस रीव्ह नाइव्ह्जचा सेबेंझा बनतो, भरपूर महाग चाकू, आणि त्याचं नेहमीचं पातं स्टोनवॉशच असतं. खाली ग्राइंडिंग चोख असेल तर स्टोनवॉश त्याला टिकाऊ करतं. ग्राइंडिंग वाईट असेल तर ओरखडे लपतील पण वाकडा उतार, दोन्ही बाजूंचा फरक, हे कुठलंही टंबलिंग लपवू शकत नाही.

याच्याही अडचणी आहेत. पाती सपाट असतात, ओली झाली की एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग कोराच राहतो, म्हणून चिप्स पात्यांच्या कितीतरी पट जास्त ठेवाव्या लागतात. लांब पातळ किचन नाइफ टबात टाकला तर टोक ठेचलं जाण्याची भीती, म्हणूनही स्वयंपाकाच्या सुऱ्यांवर स्टोनवॉश कमी दिसतं. लॉक जिथे टेकतो ती जागा आणि पिव्हटचं, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचं भोक, यांची मापं इतकी काटेकोर असतात की ते फिनिशिंग आधी की नंतर करायचं याचा क्रम विचार करूनच लावावा लागतो. आणि टबातून काढलं की लगेच वाळवायचं, गरम हवेने किंवा मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून. ओलं ठेवलं तर पॅकिंगला जायच्या आधीच तांबूस ठिपके.

याचाच एक गडद भाऊ आहे, ॲसिड स्टोनवॉश. पातं आधी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डावरचं नको ते तांबं खाऊन टाकायला वापरतात तेच, त्याने पृष्ठभाग काळपट होतो, मग टंबलिंग, त्यात उंचवट्यावरचा काळेपणा निघतो आणि खोलगट भागात राहतो. दिसतं एकदम जुन्या वापरातल्या हत्यारासारखं. फक्त ॲसिड नीट न्यूट्रलाइज करून धुतलं गेलं पाहिजे, नाहीतर फटीत राहिलेलं क्लोराइड नंतर गंजाला आमंत्रण देतं.

आता ज्या फिनिशवर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे ते, बीड ब्लास्ट. काचेचे बारीक मणी दाबाच्या हवेने पात्यावर मारायचे, काही सेकंदात सगळ्या रेघा गायब आणि एकसंध मॅट करडा रंग. झटपट, स्वस्त, फोटोत फार सुंदर. पण स्टेनलेस गंजत नाही ते कशामुळे, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो म्हणून. हा थर टिकायला पृष्ठभाग स्वच्छ आणि शक्य तितका गुळगुळीत लागतो. ब्लास्टिंगने तिथे असंख्य सूक्ष्म खड्डे पडतात, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वाढतं, आणि घाम, मीठ, लिंबाचा रस त्या खड्ड्यांत अडकून बसतो. गुळगुळीत टाइलवरचं पाणी एका पुसण्यात जातं आणि खडबडीत शहाबादी फरशीवरचं सांडलेलं कोकम सरबत कितीही पुसलं तरी मुरतंच, तसं. त्यात आधी साध्या लोखंडावर वापरलेले मणी परत वापरले तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि ते आधी गंजतात. यावर उपाय आहे, ब्लास्टनंतर सायट्रिक किंवा नायट्रिक ॲसिडमध्ये पॅसिव्हेशन, म्हणजे रुतलेलं लोखंड काढून तो ऑक्साइडचा थर परत नीट बसू देणं, पण ज्या चाकूला ब्लास्ट खर्च वाचवायला दिला त्याला ही जास्तीची स्टेप देणार कोण?

खडबडीतपणा मोजतात आरए या मापाने, मायक्रोमीटरमध्ये. अन्न हाताळणाऱ्या स्टेनलेसच्या यंत्रांसाठी ०.८ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असा दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो, कारण त्याहून खडबडीत पृष्ठभाग नीट धुतला जात नाही. भाजी-मासे कापायच्या सुरीला हाच विचार लावा, मग कळेल चांगल्या किचन नाइफवर बीड ब्लास्ट जवळपास का दिसत नाही.

ब्लास्टिंगचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे फिनिश कोणाच्या तरी फुप्फुसांतून जातं. इंग्लंडातलं शेफिल्ड चाकू-सुऱ्यांचं गाव, तिथे १९व्या शतकात दगडी चाकांवर ग्राइंडिंग करणारे कामगार धुळीने तरुणपणीच मरायचे, विशेषतः पाणी न वापरता काटे घासणारे. कारण सिलिका, वाळूच्या दगडाची धूळ. वाळूने ब्लास्टिंग करण्यातही तोच धोका, ब्रिटनने १९४९च्या नियमांनी सिलिका असलेल्या वाळूने ब्लास्टिंग बंद केलं. काचेचे मणी, ॲल्युमिनियम ऑक्साइड, गार्नेट हे पर्याय वापरात आहेत आणि बंद कॅबिनेट, डस्ट कलेक्टर हेही. आपल्याकडे अजून सगळे सरसकट सॅंड ब्लास्टिंगच म्हणतात, आणि काही शेडमध्ये खरोखरच वाळू वापरली जाते, तोंडाला नुसता रुमाल बांधून. सिलिकोसिस बरा होत नाही. ज्याचा कोणाचा असा युनिट असेल त्याने हे आधी बदलावं, फिनिशचं नंतर बघू.

आता थर देणारा रस्ता. काही स्टील मुळात स्टेनलेस नसतातच. १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बनचं साधं स्टील, क्रोमियम नावालाही नाही, चिवट, धार लावायला सोपं, पण उघडं ठेवलं की गंजतं. अमेरिकेतले ईएसईई कंपनीचे जंगलातले चाकू याच स्टीलचे, त्यावर जाड खरखरीत पावडर कोटिंग असतं. का-बार हा अमेरिकेच्या मरीन कोर या लष्करी दलाचा प्रसिद्ध चाकू १९४२मध्ये आला तेव्हा पातं चमकून शत्रूला दिसू नये हाही विचार होता, त्या काळी फॉस्फेटसारखे गडद फिनिश वापरले गेले. फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो, तो तेल धरून ठेवतो आणि खरं संरक्षण ते तेल करतं. आपल्या वर्कशॉपमधलं ब्लॅकोडायझिंगही तसंच, गरम अल्कलीच्या बाथमध्ये लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा थर येतो, फार पातळ, त्यावर तेल नसेल तर फारसा उपयोग नाही. काळं दिसतंय म्हणजे गंजणार नाही, असं धरून चालू नये.

पावडर कोटिंग जाड असतं आणि खालचे ओरखडे झाकतं, त्यामुळे खालच्या ग्राइंडिंगवर कमी वेळ घालवला तरी चालतो. पण जाड थर कापताना घासतो, लाकडात-पुठ्ठ्यात पातं अडकतं, म्हणून कित्येक जण नवा चाकू आणून आधी कोटिंग काढून टाकतात.

सेराकोट त्यामानाने पातळ, पंचवीस मायक्रॉनच्या आसपास, रंगासारखं स्प्रे करून साधारण १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास भाजतात. हे तापमान टेंपरिंगच्या खाली राहतं, त्यामुळे पात्याला धक्का नाही. आणि सगळ्यात वरचा वर्ग म्हणजे पीव्हीडी (वाफेतून थर बसवायची पद्धत) आणि डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर), व्हॅक्यूम चेंबरमध्ये चढवलेला, जेमतेम काही मायक्रॉनचा पण कमालीचा कठीण थर. सोनेरी दिसतो तो टायटॅनियम नायट्राइड, ड्रिलवर असतो तोच, आणि काळा डीएलसी, कार्बनचा. डीएलसी २०० अंशांच्या खालीही चढवता येतो म्हणून चाकूवाल्यांना सोयीचा. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या काही काळ्या कार्बन स्टीलच्या पात्यांवर डीएलसी असतो तो गंजापासून वाचवायलाच.

लोकांना वाटतं काळ्या रंगाखाली काहीही खपून जाईल. डीएलसीचं बरोबर उलट आहे. थर इतका पातळ की खालचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा वर दिसतो. म्हणून आधी चांगलं सॅटिन किंवा एकसारखं ब्लास्ट, मग काटेकोर सफाई, बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथे थर धरत नाही, मग फिक्स्चरवर एकेक पातं लावायचं, मग चेंबरची बॅच. डीएलसीवाल्या मॉडेलची वाढीव किंमत जाते ती इथे. आणि धार शेवटी लावतात त्यामुळे कडेचं कोटिंग निघून जातं, म्हणजे जिथे खरं कापायचं तिथे स्टील उघडंच असतं. काळ्या डी२ किंवा एम४ स्टीलच्या चाकूची कड गंजलेली दिसते ती म्हणूनच, एम४मध्ये क्रोमियम चार टक्क्यांच्या आसपासच असतं, कोटिंगने बाकीचं पातं वाचतं, कडेची काळजी आपणच घ्यायची.

सोलिंगनचा उल्लेख केला नाही तर हा विषय अर्धा राहील. जर्मनीतल्या या गावाचं नाव चाकूवर टाकायला १९३८पासून कायद्याचं बंधन आहे. तिथे रॉबर्ट हेर्डर ही १८७२ची जुनी कंपनी, पवनचक्कीच्या चिन्हाची, अजून काही सुऱ्यांना ब्लाऊप्लीस्टन नावाचं फिनिश देते. चामडं लावलेल्या चाकांवर एमरीचं मिश्रण चढवून माणूस हाताने पातं धरतो आणि इतकं बारीक घासतो की तिरप्या उजेडात निळसर झाक दिसते. ग्राइंडिंग अतिशय पातळ, त्यावर हे, त्यामुळे कार्बन स्टीलचं पातंसुद्धा खडबडीत पात्यापेक्षा गंजाला जास्त तोंड देतं. हे शिकायला माणसाला वर्षं लागतात आणि असे लोक आता मोजकेच उरलेत. मशीनने त्याच्या जवळपास जाता येतं, पण हातातला दाब आणि चाकाचा आवाज ऐकून दाब बदलणं अजून त्याच माणसांकडे आहे, आणि मला मनापासून वाटतं की त्या सुरीला जास्त पैसे मागतात ते योग्यच आहे.

जाता जाता दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांवरच्या लाटांसारख्या नक्षीबद्दल. जपानच्या सेकी गावातून येणाऱ्या बऱ्याच सुऱ्यांत मध्ये व्हीजी१० नावाच्या स्टीलचा गाभा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या स्टीलचे कित्येक थर असतात, ॲसिडमध्ये बुडवलं की थर कमी-जास्त खाल्ले जाऊन नक्षी उठते. स्वस्त सुऱ्यांवर हीच नक्षी लेझरने छापलेली असते, खाली साधं एकसंध स्टील. ओळखायचं तर पाठीकडून बघा. थर खरे असतील तर पाठीवर बारीक समांतर रेघा दिसतात, आणि नक्षी धारेच्या जरा अलीकडे, गाभा सुरू होतो तिथे थांबते. छापलेली नक्षी बहुतेकदा धारेपर्यंत तशीच गेलेली असते, आणि पाठ कोरी.

मग घ्यायचं कुठलं? रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे राहत असाल, हवाच खारट, तर बीड ब्लास्ट टाळाच. स्वयंपाकघरासाठी सॅटिन किंवा त्याहून गुळगुळीत, आणि विळी-सुरी वापरून लगेच धुऊन पुसायची आपली जुनी सवय स्टेनलेसलाही लागू. डिशवॉशर नको. खिशात ठेवायला, रोज खोकी-दोऱ्या कापायला स्टोनवॉश. होडीवर, मासेमारीला घेऊन जायचा असेल तर फिनिशपेक्षा स्टील बघा, अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीच्या सॉल्ट मालिकेत एलसी२००एनसारखं नायट्रोजनवालं स्टील असतं, ते समुद्राच्या पाण्यातही जवळजवळ गंजत नाही. आणि चाकू हातात आला की पात्याच्या मधल्या चकचकीत भागाकडे बघू नका, तो सगळ्यांचाच चांगला असतो. पाठ बघा, लेझरच्या उभ्या खाचा तशाच आहेत का घासल्यात, मुठीजवळचा आतला गोल भाग बघा, बोट फिरवून कड टोचते का बघा. तिथपर्यंत बेल्ट सहज पोचत नाही, मुद्दाम वेळ द्यावा लागतो, आणि तो दिलाय की नाही ते तिथेच कळतं.